झोपेत गेली म्हणे

त्या दिवशी पिल्लं निघायची होती, म्हणून सकाळपासून घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. घराच्या मागच्या अंगाला लांबट खोली, तिच्यात अंडी उबवायची तीन यंत्रं, आणि त्या खोलीचा तो वास: फुटलेली कवचं, ओली पिसं, न फुटलेल्या अंड्यांतून सुटणारी कुबट, सडकी वाफ. या घरात सून म्हणून येणारी बाई पहिले आठ दिवस नाक मुठीत धरून वावरते. नवव्या दिवशी तिला वास येईनासा होतो. थोरल्या सुनेला तो येईनासा होऊन दहा वर्षं झाली होती. माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात ते खरं आहे, फक्त ते कौतुकानं म्हणू नये.

खोलीच्या मधोमध टेबल, टेबलाशी सासूबाई. सगळी आळी त्यांना पारखीबाई म्हणायची. एका दिवसाचं पिल्लू नर की मादी हे भल्याभल्यांना सांगता येत नाही, पारखीबाईंना येई. पिल्लू डाव्या मुठीत उलटं धरायचं, शेपटीखाली अंगठ्यानं दाबायचं, बाहेर आलेली घाण पुसायची आणि डोळे बारीक करून पाहायचं. मादी निघाली तर उजवीकडे पुठ्ठ्याच्या खोक्यात, बल्बच्या उबेत. ती पुढे अंडी देणार. नर निघाला तर डावीकडच्या निळ्या पिंपात. त्याचा कुणाला उपयोग नाही. पिंपात चिवचिवाट चालू असे, संध्याकाळी त्यावर झाकण बसे, आणि सकाळी पिंप धुऊन पालथं घातलेलं दिसे.

"बघा बाई," पारखीबाई हात न थांबवता म्हणाल्या, "अख्ख्या जगात ही एकच जागा, जिथं पोरगी झाली की आम्ही खूश!"

तडकलेली अंडी स्वस्तात न्यायला आलेली समोरची शिंपीण यावर पोट धरून हसली. तिच्या लेकीचे दिवस भरत आले होते. "आमच्याकडे काय होतंय कुणास ठाऊक," ती म्हणाली.

"मुलगाच होईल. आणि नाही झाला तरी देवाला डोळे आहेत," पारखीबाई म्हणाल्या, आणि पुढचं पिल्लू उचललं. थोरलीही हसली. या विनोदाला ती दर खेपेला हसायची.

घरात, यंत्रांच्या खोलीला लागूनच असलेल्या खोलीत, धाकटी जाऊ बाळंतीण होती. आज पाचवा दिवस. मुलगी. जन्माच्या वेळी दोन किलो सहाशे. सुईणीच्या हातून सुटली आणि टाहो फोडून रडली होती. पण दुसऱ्या दिवसानंतर तिचा आवाजच बसला. ती झोपे. नुसती झोपे. आणि घरात तिचं कौतुक चाले.

"गुणाची पोर आहे," पारखीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "आईला काडीचा त्रास नाही. नाहीतर आमचा गब्बू, रडून घर डोक्यावर घ्यायचा." गब्बू म्हणजे थोरलीचा सहा वर्षांचा मुलगा, आजीच्या दुधावरची साय. "आमच्या घरात एक रीत आहे. झोपलेल्या लेकीला उठवायचं नाही. झोप मोडली की पोरीचं आयुष्य तुटतं."

ही रीत पाळली जाते की नाही, हे पाहायला त्यांनी थोरलीलाच दाराशी बसवलं होतं. अंडी निवडता निवडता तिनं तिथं बसायचं, आणि धाकटीचा हात पाळण्याकडे गेला की "असू दे गं, झोपू दे तिला" म्हणायचं. थोरलीनं चार दिवस हे काम चोख केलं होतं.

दुपारी धाकटीनं तिला हाक मारली. तिच्या झग्याची छाती दोन्ही बाजूंनी भिजून कडक झाली होती.

"ताई, दगड झालेत हो. हात लावू देत नाहीत इतके ठणकतात. पहाटे दोन घोट घेतले तिनं, तेही अर्धवट. उठवू का?"

"आई काय म्हणतात माहीत आहे ना."

"माहीत आहे. पण पहाटेपासून..."

"भूक लागली की उठेल आपोआप. कोण भुकेलं झोपतं?" थोरली म्हणाली. हे वाक्य तिचं नव्हतं. ते तिला आठ वर्षांपूर्वी कुणीतरी ऐकवलं होतं, आणि तिनं ते जसंच्या तसं जपून ठेवलं होतं.

तेवढ्यात बोळातली घंटा वाजली. ही घड्याळाची घंटा सासऱ्यांनी बसवलेली. सासरे गेले, घंटा राहिली. दिवस असो, रात्र असो, दर तीन तासांनी ती ठणठणायची आणि घरातल्या कुणीतरी उठून तिन्ही यंत्रांच्या मुठी फिरवायच्या. मूठ फिरवली की आतली अंडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होतात. एकाच अंगावर राहिलं तर पिल्लू कवचाला चिकटतं आणि आतच मरतं. म्हणून या घरात ताप असो, मयत असो, पहाटेचे तीन असोत, अंड्यांची पाळी कधी चुकली नव्हती. दोघं भाऊ, म्हणजे दोघी जावांचे नवरे, झोपेतही पाळी कुणाची हे सांगत.

थोरली उठून गेली. पहिली मूठ फिरवली, दुसरी फिरवली. तिसऱ्या मुठीवर हात ठेवला आणि तिला गब्बू आठवला.

गब्बू झाला तेव्हा हीच घंटा होती. घंटा वाजली की पारखीबाई तिच्या उशाशी हजर. "उठव त्याला. ऊठ गं, मेल्यासारखी काय झोपतेस, लेकरू उपाशी आहे!" गब्बूही पहिले काही दिवस झोपाळूच होता. त्या त्याचे कपडे उतरवत, तळव्यांना ओला फडका लावत, टाचेवर टिचकी मारत, तो चिडून रडला की हसून म्हणत, "आता कसा जागा झाला लबाड!" रात्री दोनदा, तीनदा. थोरलीला तेव्हा वाटलं होतं, काय माया आहे या बाईची.

आणि गब्बूच्या आधी?

मूठ तिच्या हातात तशीच राहिली. गब्बूच्या आधी तिला मुलगी झाली होती. तीही गुणाची होती. तीही झोपायची. नवव्या दिवशी सकाळी ती उठली नाही, आणि पारखीबाईंनी डोळ्यांना पदर लावून सगळ्यांना सांगितलं, "झोपेतच गेली हो. पुण्यवान जीव." त्या नऊ दिवसांत तळव्यांना ओला फडका कुणी लावला होता? टाचेवर टिचकी कुणी मारली होती? त्या नऊ दिवसांत घंटा मात्र बहात्तर वेळा वाजली होती, आणि बहात्तर वेळा कुणीतरी उठून अंडी फिरवून आलं होतं. त्यातल्या कितीतरी वेळा ती स्वतः, ओली बाळंतीण असताना.

तिच्या मनात पाल चुकचुकली, असं म्हणणं खोटं होईल. पाल आठ वर्षं चुकचुकतच होती. तिनं आज ती ऐकली, एवढंच.

ती तशीच टेबलाशी गेली. शिंपीण निघून गेली होती.

"आई, एक विचारू?"

"विचार की."

"गब्बूला तुम्ही घंटेला घंटा उठवत होता. मग हिला का नाही?"

पारखीबाईंनी पिल्लू उलटं केलं, दाबलं, पुसलं. "मुलाची झोप वेगळी, मुलीची वेगळी. मुली चिवट असतात, त्यांना काही होत नाही."

"माझ्या लेकीला झालं."

अंगठा क्षणभर थांबला. मग पिल्लू पिंपात गेलं. "ज्याचं त्याचं नशीब. जगायचं असेल ती स्वतः उठून रडते. नसेल जगायचं तर आपण कोण उठवणारे? आणि हे बघ, मी आजवर कुणाच्या लेकीला बोट लावलेलं नाही. लोक काय काय करतात, ऐकलंय मी. नख लावतात, उशी ठेवतात. छी! आपल्या घरात तसलं पाप नाही."

त्या खरंच तोंड वाकडं करून "छी" म्हणाल्या. त्यांना त्या लोकांची मनापासून किळस वाटत होती. करून सवरून नामानिराळं राहणारे पुष्कळ असतात. न करून नामानिराळं राहायची ही नवी युक्ती होती, आणि ती नवीही नसावी. त्यांच्या सासूनं त्यांना शिकवली असेल, तिला तिच्या सासूनं. अंगठ्याच्या नखात पिवळी घाण अडकलेली, आणि तोंडात पाप-पुण्य.

थोरलीला एकाएकी वास आला. दहा वर्षांत पहिल्यांदा. कवचांचा, पिसांचा, पिंपाचा, सगळा एकदम, आणि तिला भडभडून ओकारी आली. मोरीवर जाऊन ती ओकली, तोंड धुतलं, हात साबणानं दोनदा घासले आणि बाळंतिणीच्या खोलीत शिरली. जाताना दाराशी ठेवलेला आपला पाट तिनं पायानं बाजूला ढकलला.

"दे इकडे तिला. उघडी कर."

"ताई, आई..."

"आई गेल्या खड्ड्यात. उघडी कर म्हणते ना!"

दुपट्यातून काढलेली पोर तिच्या हातात लोंबली. खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिली, तर चेहरा पिवळा, छाती पिवळी, मांड्यांपर्यंत पिवळीधमक. चार दिवस घरातले लोक म्हणत होते, सोन्यासारखा रंग आहे पोरीचा. लंगोट कोरडा ठणठणीत.

"हा कधी बदललास?"

"सकाळी. तेव्हाही कोरडाच होता. मी म्हटलं, बरं झालं, धुणं वाचलं." धाकटी कसनुसं हसली. "किती शांत आहे ना?"

"शांत नाही गं बाई. अर्धमेली आहे."

थोरलीनं टाचेवर टिचकी मारली. काही नाही. ओला फडका घेऊन तळवे पुसले, पाठ पुसली. पापण्या किंचित हलल्या, आतलं पांढरं हळदीसारखं दिसलं. तिसऱ्या टिचकीला एक आवाज निघाला. कण्हणंसुद्धा नव्हतं ते. नीट न लागलेल्या दाराचा असतो तसा आवाज. धाकटीनं वाटीत दूध पिळलं. थोरलीनं चमच्यानं थेंब थेंब ओठांत सोडलं. चार थेंब गेले, दोन ओघळले.

"पाव चमचाही जात नाही. हिला दवाखान्यात न्यायला हवं. भावजी! ओ भावजी!"

धाकटा खोकी भरत होता. हातातली सुतळी तशीच घेऊन आला.

"गाडी काढा. पोरीला दवाखान्यात न्यायचंय."

"आत्ता? वहिनी, पिल्लं पोचवायची आहेत चारच्या आत. आणि झोपलीच तर आहे ती. आईला विचारून..."

"आई इथंच आहे," पारखीबाई दारात उभ्या होत्या. हात पुसायला त्यांना सुचलं नव्हतं. "काय तमाशा चालवलाय? झोपलेलं पोर दवाखान्यात नेतात का कुणी? लोक तोंडात शेण घालतील. ठेव तिला पाळण्यात."

थोरलीच्या दहा वर्षांच्या संसारात या आवाजापुढे तिनं कधी ब्र काढला नव्हता. पण पोर तिच्या हातात होती, आणि पाळण्यात ठेवायला वाकावं लागलं असतं. ती वाकली नाही.

"आई, माझी पहिली किती दिवसांची होती?"

"आता ते कशाला उकरून काढतेस?"

"नऊ. शेवटचे दोन दिवस ती प्यालीच नव्हती. मी तुम्हाला विचारलं, उठवू का. तुम्ही म्हणालात, कोण भुकेलं झोपतं. मी वीस वर्षांची होते, माझ्या छातीतून दूध वाहत होतं आणि मी अंडी फिरवत होते."

"मी काय केलं तिला?" पारखीबाईंचा आवाज चढला. "देवाशपथ सांग, मी काय केलं? मी काहीच केलं नाही!"

"तेच केलंत," थोरली म्हणाली. "आणि मीही चार दिवस इथं पाटावर बसून तेच करत होते."

धाकट्यानं आईकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच, पाच दिवसांत पहिल्यांदाच, आपल्या मुलीकडे नीट पाहिलं. तिचा हात थोरलीच्या कोपरावरून खाली लोंबत होता. त्यानं सुतळी टाकली आणि किल्ली शोधायला लागला. ती त्याला सापडेना, शेवटी धाकटीनंच ती खुंटीवरून काढून दिली.

पिल्लांच्या गाडीत मागे बल्ब होते, ऊब होती. खोकी भराभर खाली उतरवली आणि तिथं दोघी जावा पोरीला मांडीवर घेऊन बसल्या. रस्ताभर थोरली तळव्यांना टिचक्या मारत राहिली. गाडी सुटताना पारखीबाई ओरडून सांगत होत्या, की खोकी उन्हात आहेत, पिल्लं मरतील.

दवाखान्यातल्या नर्सनं पोर काट्यावर ठेवली. दोन किलो दोनशे. नर्सचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"पाच दिवसांत चारशे ग्रॅम? पाजलं किती वेळा?"

"ती झोपायची," धाकटी म्हणाली.

"मग उठवायचं नाही? कावीळ झालीय तिला. कावीळ झालेलं मूल गुंगीत असतं. पोटात नाही म्हणून कावीळ वाढते, कावीळ वाढते म्हणून आणखी झोपतं. शेवटी भूक लागली तरी रडायची ताकद उरत नाही त्याला." नर्सचे हात भराभर चालत होते, तोंडही. "जन्माचं वजन परत येईपर्यंत दर दोन-तीन तासांनी उठवून पाजायचं. दिवसाही, रात्रीही. झोपली असेल तरी. कितीही गोड झोपली असेल तरी! कुठून आलात तुम्ही?"

धाकट्यानं सांगितलं.

"अंडीवाले? ती घंटा तुमचीच ना?" नर्स थांबली. "माझं माहेर तुमच्या मागच्याच गल्लीत. लहानपणी आम्ही त्या घंटेवर रात्री किती वाजले ते ओळखायचो." तिनं काट्यावरची पोर उचलली. धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पोरीला निळ्या दिव्याखाली ठेवलं, नळीनं दूध दिलं. डॉक्टरीण रात्री म्हणाली, उद्या आणली असती तर मी तुम्हाला काहीच सांगू शकले नसते. अजूनही आठ दिवस डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल, काविळीचा कानांवर परिणाम होतो, म्हणून त्यांची तपासणी पुढे करावी लागेल. तिसऱ्या दिवशी पोर रडली. कर्कश, रागावून, साऱ्या वॉर्डाला जागं करून. धाकटी त्या रडण्याबरोबर इतकी रडली की शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं काहीतरी वाईट झालं.

सातव्या दिवशी घरी आल्यावर थोरलीनं पहिलं काम केलं ते हे: स्टूल ओढलं, बोळातली घंटा भिंतीवरून उतरवली आणि धाकटीच्या खोलीत, पाळण्याच्या वर खिळा ठोकून टांगली.

तिचा नवरा, थोरला, धावत आला. "अगं, अंडी? रात्री आम्हाला ऐकू कशी येणार?"

"दार उघडं ठेवू. तिचं दूध झालं की आवाज देऊ तुम्हाला. मग फिरवा अंडी."

थोरल्यानं आईकडे पाहिलं. त्या दिवसापासून पारखीबाई फारसं बोलत नसत, आणि घरात येणाऱ्याला आपल्यावर कसा अन्याय झाला हे डोळ्यांनीच सांगत. उन्हातली चाळीस पिल्लं मेली होती, त्यांचं मात्र त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात आळीतल्या बायका बाळाला बघायला आल्या. चहा झाला. बायका जमल्यावर पारखीबाईंना जुना सूर सापडला.

"आमच्या धाकटीची वाचली बाई. देवाची कृपा. थोरलीची पहिली मात्र गेली. झोपेतच गेली. पुण्यवान जीव."

बायका चुकचुकल्या. थोरली कपबशा उचलत होती. तिनं त्या खाली ठेवल्या.

"झोपेत नाही गेली," ती म्हणाली. "उपाशी गेली. नऊ दिवसांत भूक लागून लागून थकून गेली. या घरात मुलींना उठवायचं नाही अशी रीत आहे, त्या रीतीनं गेली. मी तिची आई, आणि मी तिला उठवलं नाही. यापुढे कुणी 'झोपेत गेली' म्हणालं, तर मी त्याच्या दारात जाऊन हे परत सांगेन."

एका म्हातारीनं नजर खाली घातली; तिच्या घरातही दोन झोपेत गेलेल्या होत्या. बाकीच्यांनी आपापल्या घरात किती, याचा हिशेब मनातल्या मनात केला असेल. वाचणाऱ्यानंही करून पाहावा. चांगल्या, पापभीरू, मुंगीलाही न दुखावणाऱ्या घरांत तो करावा, कारण हे काम तिथंच बिनबोभाट होतं.

घंटा वाजली. थोरलीनं पाळण्यातून पोर उचलली, दुपटं सोडलं, टाचेवर टिचकी मारली. पोरीनं तोंड वेडंवाकडं करून असं भोकाड पसरलं की दोघीतिघी बायका दचकल्या. धाकटीनं हसत तिला छातीशी घेतलं.

त्या आवाजात समोरची शिंपीण अचानक उठली. तिचा चहा अर्धाच झाला होता. तिच्या लेकीला चार दिवसांपूर्वी मुलगी झाली होती, आणि आल्या आल्या तिनंच सगळ्यांना सांगितलं होतं, फार गुणाची आहे, सकाळपासून हूं का चूं नाही.

"काय झालं गं?" कुणीतरी विचारलं.

शिंपीण बाहेर पडली, आणि दारातल्या चपला तशाच सोडून रस्ता ओलांडून आपल्या घराकडे पळत सुटली.